संधिप्रकाशाचा पट्टा की बर्फाखालचा समुद्र : परग्रहावरील संस्कृती कोठे वसवावी?

सोलापुरात राहणारा माझा भाचा दिवाळी अंकासाठी एक विज्ञानकथा लिहू पाहत आहे. तिच्यातील परग्रहवासी दिसतात कसे, हे त्याने पानभर लिहून ठेवले आहे. ते राहतात कोठे, यावर मात्र त्याची गाडी अडली आहे. त्याच्यासमोर दोन पर्याय आहेत. एका बाजूला कायम उजेड आणि दुसऱ्या बाजूला कायम अंधार असलेला ग्रह हा पहिला, आणि जाड बर्फाच्या कवचाखाली समुद्र दडलेला उपग्रह हा दुसरा. अशाच निवडीपाशी थांबलेल्या इतरांनाही उपयोग व्हावा, म्हणून ही तुलना मांडत आहे.

तुलनेला एक कसोटी हवी, आणि ती मी आमच्या जिल्ह्यातूनच घेतो. येथील शाळू पावसावर येत नाही. पाऊस सरल्यावर काळ्या जमिनीने धरून ठेवलेल्या ओलीवर तो वाढतो. वर्ष कोरडे गेले तर काय, या भीतीपोटी गावोगावी धान्याची पेवे खोदली गेली आणि महिनोन्‌महिने टिकणारी कडक भाकरी घरोघरी थापली गेली. तेव्हा कोणत्याही कल्पित परिसराला मी पहिला प्रश्न हा विचारतो, की तेथील लोकांना काय साठवावे लागते, आणि साठवलेल्याची किल्ली कोणाच्या कनवटीला असते.

पहिला पर्याय तपासताना प्रॉक्झिमा सेंटॉरी बी हा ग्रह नमुना म्हणून सोयीचा आहे. २०१६ मध्ये सापडलेला हा ग्रह आपल्यापासून सुमारे ४.२ प्रकाशवर्षे दूर असून तो आपल्या लाल बटू, म्हणजे लहान व मंद लालसर, ताऱ्याभोवती अवघ्या ११.२ दिवसांत फिरतो. ताऱ्याच्या इतक्या जवळ असल्यामुळे, चंद्र जशी आपल्याला एकच बाजू दाखवतो, तशीच त्याचीही एकच बाजू बहुधा ताऱ्याकडे वळलेली असावी. एक बाजू तापलेली, दुसरी गोठलेली, आणि दोहोंच्या सीमेवर संधिप्रकाशाचा एक कंकणाकृती पट्टा, असे जग कथाकाराने गृहीत धरायला हरकत नाही.

या पट्ट्यात सूर्य क्षितिजावर खिळलेला असतो. त्याचा अर्थ नीट कळण्यासाठी आमच्याकडचा वैशाख आठवावा. दुपारी कडुनिंबाखाली टाकलेली बाज सावलीमागे दिवसातून तीनदा सरकवावी लागते. त्या ग्रहावर बाज एकदा टाकली की नातवंडांनीही तिला हात लावण्याचे कारण नाही, कारण सावली हलतच नाही. वरवर गमतीची वाटणारी ही गोष्ट पुढे फार दूरवर जाते. एखाद्याने तीन पुरुष उंचीची भिंत बांधली, तर तिच्यामागचे शेत त्या दिवसापासून कायमचे अंधारात जाते. म्हणून अशा समाजाचा पहिला लेखी कायदा जमिनीच्या मोजणीचा नसून सावलीच्या हक्काचा असेल, आणि वाटणीत थोरल्याला उजेड व धाकट्याला सावली आली म्हणून भाऊबंदकी पेटेल. कथेला लागणारा संघर्ष येथे परिसरातूनच उगवतो. तो बाहेरून आणून चिकटवावा लागत नाही.

पाण्याचेही तसेच. जमिनीलगतचा वारा सर्वसाधारणपणे अंधाराकडून उजेडाकडे वाहील आणि वरच्या थरांतून उष्ण हवा उलट फिरून बाष्प थंड बाजूला नेईल. ते तेथे बर्फ होऊन साचेल, आणि हिमनद्यांची टोके पट्ट्याच्या कडेला वितळतील तेवढेच पाणी वस्तीला मिळेल. सोलापुरावर आभाळ कोरडे असतानाही उजनी भरते, कारण पाऊस भीमेच्या वरच्या खोऱ्यात पडलेला असतो. आपले पाणी आपल्या डोक्यावर पडत नाही, हे येथील माणसाला समजावून सांगावे लागत नाही. पट्ट्यातील समाजाचे पाणी तर अशा प्रदेशातून येते, जेथे कोणी राहूच शकत नाही. त्या बाजूला जाऊन परत येणाऱ्या मोजक्या लोकांच्या हाती किती सत्ता एकवटेल, याचा विचार लेखकाने अवश्य करावा.

मला सर्वांत मोलाचा वाटतो तो काळाचा प्रश्न. उजेडाच्या कडेला राहणाऱ्याला दिवस नाही, रात्र नाही आणि बहुधा ऋतूही नाहीत. झोप शरीराला लागतेच, पण सगळ्यांनी एकाच वेळी झोपावे असे आकाश सांगत नाही. येथे जुन्या गिरणीच्या भोंग्याची आठवण होते. पाळी बदलल्याचे तो कामगारांना सांगायचाच, पण चूल पेटवण्याचे आणि पोरांना शाळेत धाडण्याचे घड्याळही तोच होता. ज्या ग्रहावर दुसरे कोणतेच घड्याळ नाही, तेथे भोंगा वाजवणारा हाच राजा, आणि भोंगा थोडा उशिरा वाजवणे हीच लूट.

या पर्यायाचा दोष असा, की लाल बटू तारे मधूनमधून भडकतात आणि त्या प्रारणात वातावरण टिकेल की नाही, हा खरा वैज्ञानिक प्रश्न आहे. त्यावर लेखकाने एखाद्या परिच्छेदात तरी उत्तर द्यावे. दाट वातावरण किंवा बळकट चुंबकीय क्षेत्र पुरेसे होईल.

दुसऱ्या पर्यायासाठी गुरूचा उपग्रह युरोपा समोर ठेवावा. त्याचा व्यास सुमारे ३,१२० किलोमीटर असून बर्फाच्या कवचाची जाडी साधारण १५ ते २५ किलोमीटर मानली जाते. त्याखाली खारट समुद्र असल्याचे भक्कम पुरावे आहेत. येथे आकाशच नाही. जगाला छत आहे, आणि माणसाने पृथ्वीवर खोदलेले सर्वांत खोल छिद्रही १२ किलोमीटरच्या थोडेसे पुढे जाऊन थांबले, हे लक्षात घेतले म्हणजे ते छत भेदणे किती अवघड आहे हे उमगते. मात्र या जगाला काळ आहे. युरोपा ३.५५ दिवसांत गुरूभोवती फिरतो, आणि त्या फेरीत गुरूच्या ओढीने त्याचे कवच ताणले जाते व सैल होते. बर्फ करकरण्याचा आवाज हीच तेथील घटका, आणि ती कोणाच्याही मालकीची नाही. पट्ट्यावरील भोंग्याशी याची तुलना करून पाहावी.

अन्नाची सोयही कल्पनेबाहेरची नाही. १९७७ मध्ये गॅलापागोसजवळ समुद्रतळाच्या विवरांतून उसळणारे उष्ण झरे सापडले आणि सूर्यप्रकाशाऐवजी रसायनांवर पोसलेली सजीवसृष्टी मानवाने प्रथमच पाहिली. अशी विवरे कायमची नसतात, ती विझतात. म्हणजे गाव विझण्याआधी पुढचे गाव शोधून ठेवणे हेच तेथील पेव.

खरी अडचण आहे ती अग्नीची. पाण्याखाली विस्तव नाही, म्हणून भाजलेले मडके नाही आणि वितळवलेला धातूही नाही. विवरांतून तांबे, लोह आणि जस्ताची सल्फाइडे बाहेर पडतात, परंतु पृथ्वीवरील अशा झऱ्यांचे पाणी सुमारे ४०० अंशांपर्यंत तापते आणि तांब्याला वितळायला १,०८५ अंश लागतात. बहुतेक लेखक येथे हात टेकतात आणि असा समाज मागासच राहणार असे ठरवून टाकतात. मला ते पटत नाही. विणायला विस्तव लागत नाही. आमच्या जेकार्ड चादरीवरचा मोर मागावरच्या भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांत साठवलेला असतो. भोक आहे किंवा नाही, एवढ्यावर तो उमटतो. दोरखंड, जाळी, गाठी आणि वीण यांतून हिशेब, नकाशे आणि वंशावळी साठवणारा समाज काळोख्या पाण्यात उभा राहू शकतो, आणि त्याचे वाचन बोटांनी होईल. शिवाय पाण्यात ध्वनी सेकंदाला सुमारे १,५०० मीटर, म्हणजे हवेतल्यापेक्षा चौपटीहून अधिक वेगाने धावतो आणि फार दूरवर पोहोचतो. तेव्हा कुजबुजणे अशक्य आणि गाठींत लिहिणे हेच खासगी बोलणे.

येथे एक इशारा देणे आवश्यक वाटते. कोरड्या हवेत सुती धागा ठिसूळ होऊन तुटतो. केवळ हवामानाचा हिशेब मांडला तर सोलापूर हे कापडाचे गाव व्हायलाच नको होते. ते झाले, कारण तेलंगणातून पद्मशाली विणकर आपली कला घेऊन येथे आले. परिसराने सर्व काही ठरते असे मानून लिहिलेली संस्कृती कागदी उतरते. कोणी तरी कोठून तरी येऊन परिसराच्या मनाविरुद्ध काही तरी करून दाखवलेच पाहिजे.

प्रचंड गुरुत्वाकर्षणाचा ग्रह हा तिसरा पर्याय भाच्याने सुचवला होता, पण त्यात बुटके प्राणी आणि ठेंगणी घरे यापलीकडे फारसे काही निघत नाही.

पाच-सात हजार शब्दांची पहिलीच कथा असेल, तर पट्ट्याचा ग्रह घ्यावा. तेथील माणसे वाचकाला ओळखीची वाटतात आणि भांडणे पहिल्या पानापासून सुरू होतात. बर्फाखालचा समुद्र कादंबरीचा ऐवज आहे, कारण दृष्टीवर बेतलेली आपली प्रत्येक उपमा तेथे बदलावी लागते आणि त्याला पाने लागतात. तो निवडणाऱ्याने पहिले वाक्य लिहिण्यापूर्वी आपल्या प्राण्याचे आयुर्मान ठरवावे. अष्टपाद, म्हणजे ऑक्टोपस, हुशार खरा, पण तो थोडीच वर्षे जगतो आणि अंडी फुटतात त्या सुमारास त्याची मादी मरते; आईने पोराला गाठ शिकवायची, तर ती तेवढी जगली पाहिजे.