तेरा बायका, एक वडाप आणि न झालेली झिपलाइन

मी एका सीएंच्या ऑफिसात काम करते. दिवसभर जीएसटीचे नंबर डोळ्यांखालून जातात. पंधरा अक्षरं, सुरुवातीला राज्याचा कोड, महाराष्ट्राचा २७, त्यापुढची दहा अक्षरं म्हणजे धंदा करणाऱ्याचा पॅन. झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन. आणि ज्या पावतीवर चौदाच अक्षरं होती, ती पावती मी "सगळं व्यवस्थित आहे गं बायांनो" असं लिहून आमच्या भिशीच्या ग्रुपवर टाकली. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना "एवढी शिकलेली बाई कशी फसली" असं वाटायला नको. अशीच फसले.

आमची भिशी कोल्हापूरच्या राजारामपुरीतली, तेरा जणींची. दर महिन्याला कुणाच्या तरी घरी जमायचं, चिठ्ठी काढायची, खायचं, उठायचं. फेब्रुवारीत समोरच्या वहिनींनी मोबाइलवर एक जाहिरात दाखवली. 'महिला दिन स्पेशल, दाजीपूरच्या जंगलात एक दिवस.' ऑफ-रोड जीप, झिपलाइन म्हणजे तारेला लटकून सरकत जाणं, जंगलातल्या कुंडात पोहणं, नाश्ता, तांबडा-पांढऱ्याचं जेवण. माणशी १,७५०. व्हिडिओत दुथडी भरून कोसळणारा धबधबा, त्याखाली पोरी ओरडताहेत. मार्चमध्ये! राऊतवाडीचा धबधबा बघायला आपण पावसाळ्यात जातो, उन्हाळ्याच्या तोंडावर तिथं नुसते कातळ असतात, हे तेरा जणींपैकी प्रत्येकीला ठाऊक होतं. पण व्हिडिओत पाणी दिसलं की दिसलंच.

खालच्या काकू सगळ्यांत आधी तयार झाल्या. वय अठ्ठावन्न. माहेरी विहिरीत पाठीला भोपळा बांधून पोहायला शिकलेल्या, लग्नानंतर पाण्यात पाय नाही. "मला त्या तारेबिरेचं काही नको, मला पोहायचंय," म्हणाल्या आणि दुसऱ्या दिवशी सुनेला घेऊन आयुष्यातला पहिला स्विमिंग कॉस्च्युम आणला. गुडघ्यापर्यंतचा, गडद निळा. ग्रुपवर फोटोही टाकला, घडी घातलेल्या कॉस्च्युमचा.

फोन मी केला. माणूस गोड. "ताई, दहाच्या वर ग्रुप असेल तर एक सीट आपल्याकडनं फुकट. तुम्हीच या की फुकट, एवढी धावपळ तुम्हीच करणार." मी हो म्हटलं आणि हे ग्रुपवर सांगितलं नाही. का नाही सांगितलं? सांगितलं असतं तर "मग सगळ्यांचं थोडं थोडं कमी करून घे" असं कुणीतरी म्हणालं असतं, आणि ते बरोबरच होतं. त्या १,७५० रुपयांत त्यानं माझं तोंड विकत घेतलं होतं. हे मला फार उशिरा कळलं.

आधी सीट बुकिंग म्हणून माणशी ५००, म्हणजे बारा जणींचे ६,०००. दोन दिवस आधी फोन, "ताई, वनविभागाचा परवाना काढायचाय, उरलेले आज टाका." उरलेले १५,०००. वर जंगलाचा पास माणशी २००, तेरा जणींचे २,६००, त्यात मला काही फुकट नव्हतं. एकूण २३,६००. पैसे पाठवताना स्क्रीनवर भलत्याच एका बाईचं नाव आलं. विचारलं तर म्हणाला, "बहिणीचं खातं आहे ताई, करंट अकाउंटला लिमिट लागलंय." करंट अकाउंटला लिमिट लागलं म्हणून बहिणीच्या खात्यात पैसे घेणारा क्लायंट आमच्या ऑफिसात आला असता, तर साहेबांनी त्याला खुर्ची दिली नसती. मी पिन दाबला. सूचना द्यायला सोपं जावं म्हणून मग त्याला आमच्या ग्रुपमध्येही घेतलं. ही चूक लक्षात ठेवा, पुढं येते.

रविवारी सकाळी सहाला रंकाळ्यावर जमलो. दोन गाड्या आल्या. एकीवर वाघाचं स्टिकर, दुसरीवर नुसताच चिखल. पुईखडी, हळदी, परिते करत राधानगरी आली. साडेआठला धरणाच्या अलीकडं थांबवून ट्रिपवाल्यानं पहिलं काम केलं ते फोटोचं. "अजून फ्रेश आहात तोवर काढू. सगळ्यांनी अंगठा वर. हसा, हसा!" हसलो. काकू पुढं, हातात पोहण्याची पिशवी.

त्या वेळी मी मूडमध्ये होते. गाडीत सगळ्यांना शाहू महाराजांनी बांधायला घेतलेलं हे धरण, त्याचे आपोआप उघडणारे सात दरवाजे, सगळं सांगितलं. दाजीपूरचं अभयारण्य १९५८ चं, गव्यांसाठीचं, पुढं १९८५ मध्ये वाढून ३५१ चौरस किलोमीटर झालं, २०१२ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेलं, हेही. आदल्या रात्री वाचून ठेवलं होतं. दाजीपूर कोल्हापुरापासून सुमारे ८० किलोमीटर. आम्ही तिथवर पोचलोच नाही.

राधानगरीच्या पुढं थोडं गेल्यावर गाड्या आडरस्त्याला लागल्या. दोन उसाचे फड ओलांडून एक माळ आला. निलगिरीची झाडं, तणकट, मधूनच जेसीबीनं उकरलेले खड्डे. हे जंगल. त्या खड्ड्यांतून दहा-बारा मिनिटं गाडी आदळली, हे ऑफ-रोड. तिसऱ्या खड्ड्यात आमची गाडी अडकली आणि मागचं चाक जागच्या जागी फिरायला लागलं. वहिनी म्हणाल्या, "अहो, ते फोर बाय फोर टाका की." ड्रायव्हर वीस-बावीस वर्षांचा पोरगा. खाली उतरून चाकाखाली दगड लावत म्हणाला, "कुठलं फोर बाय फोर मावशी, वडापची गाडी हाय माझी. रोज शिटा भरतो. आज सुट्टीचं भाडं मिळतंय म्हणून आलोय." आम्ही सात जणींनी उतरून गाडी ढकलली. हसतच ढकलली, खरं सांगते. तोपर्यंत मजाच वाटत होती. कडेला एक धनगर बाबा मेंढरं घेऊन उभे होते, त्यांना विचारलं, "इथं गवा दिसतो का?" ते म्हणाले, "येतोय की ऊस खायला, रात्रीचा. तुम्ही काय रातभर थांबताय?"

मग झिपलाइन. निलगिरीच्या दोन झाडांमध्ये एक तार, खाली नांगरलेलं रान. हार्नेस दोन, हेल्मेट एक, त्याचाही पट्टा तुटलेला. आमच्यातल्या एकीच्या नवऱ्याचं शिरोलीत क्रेनचं काम आहे. ती सरळ झाडापाशी गेली, तार जिथं वळवून बांधली होती तिथं बघितलं आणि मला हाक मारली. तारेच्या टोकाला एकच क्लॅम्प, तोही गंजलेला, नटाखाली सुतळी गुंडाळलेली. "आमच्याकडं साधा माल उचलायच्या दोराला कमीत कमी तीन मारतात," ती म्हणाली. "आणि ब्रेक कुठाय? पलीकडं थांबायचं कसं?" पलीकडं झाडाला एक जुनी गादी बांधली होती.

एकही जण चढली नाही. त्यावर ट्रिपवाला अगदी शांतपणे, मोबाइलचा कॅमेरा चालू करून म्हणाला, "म्हणजे ताई, तुमच्या ग्रुपनं स्वतःहून नाही म्हटलं, बरोबर? आमच्याकडनं अ‍ॅक्टिव्हिटी रेडी होती." मी "हो" म्हटलं. रेकॉर्ड झालं.

त्यांचं गणित माझ्या मते इथंच आहे. सगळंच बुडवलं तर माणूस त्याच दिवशी पोलिसात जातो. म्हणून जीप असते, तार असते, पाणीही असतं. फक्त ते असं असतं की शहाणा माणूस स्वतःच नको म्हणेल.

पाणी म्हणजे धरणाचं बॅकवॉटर. काठावर पाटी, पाण्यात उतरण्यास सक्त मनाई आहे. लाइफ जॅकेट चार, त्यातल्या दोनांना बकल नाही. काकू पाटीसमोर उभ्या राहिल्या, पाटी वाचली, चपला काढल्या, घोट्यापर्यंत पाण्यात गेल्या आणि परत आल्या. काही बोलल्या नाहीत. जेवणाबद्दल लिहीत नाही. पांढरा रस्सा पांढरा होता, एवढंच.

परतीच्या वाटेवर राधानगरीत चहाला थांबलो. शेजारच्या बाकावर खाकीतले एक वनकर्मचारी बसले होते. मी त्यांना आमचे ते २०० रुपयांचे पास दाखवले. त्यांनी उलटसुलट बघितले. "हा आमचा कागदच न्हवं. आणि ताई, अभयारण्यात तारेवरनं लोंबकळायला आणि पोहायला कोण सोडतंय तुम्हाला?" पासावर गव्याचं चित्र होतं. इंटरनेटवरून उतरवलेलं. ते म्हणाले, नीट बघा, गवा नव्हे हा, अमेरिकेतला बायसन आहे. मानेवर केसांचा झुबका आहे बघा.

त्याच रात्री मी पावती काढून जीएसटी नंबर मोजला. दोनदा मोजला. पोर्टलवर टाकायची वेळच आली नाही.

फोन केला. पहिले दोन दिवस "ताई, बघतो, मालकांशी बोलतो." तिसऱ्या दिवशी मी आवाज चढवला. तेव्हा त्यानं मला काहीच उत्तर दिलं नाही, आमच्या ग्रुपमधल्या दोघींना वेगवेगळे मेसेज टाकले. "तुमच्या ताईंना आम्ही त्यांचं काय ते आधीच दिलंय, हिशेब त्यांना विचारा." त्या संध्याकाळी वहिनींनी दारात उभं राहूनच विचारलं, "तुझी सीट फुकट होती का गं?" बावीस वर्षांचा शेजार आहे आमचा. मी होय म्हटलं. त्या बरं म्हणाल्या आणि गेल्या. दुसऱ्या दिवशी मी १,७५० रुपये बारा जणींत वाटून टाकले, एकेकीला १४५ रुपये ८३ पैसे. पैशांचं समाधान कुणालाच नव्हतं, मलाही नाही.

आणि या गडबडीत तो ग्रुपमध्येच राहिला. तेरा नंबर त्याच्याकडं. आठवड्यानं काकूंना एका नव्या नंबरवरून फोन, "ट्रिपचा रिफंड सुरू झालाय, तुमच्या ताईंनीच यादी दिलीय. क्यूआर पाठवतो, स्कॅन करा, पिन टाका, पैसे जमा होतील." काकूंनी पिन टाकला. ४,९०० गेले. यूपीआयमध्ये पैसे घ्यायला कधीही पिन लागत नाही, पिन फक्त द्यायलाच लागतो, हे मी त्यांना आधी कधीतरी सांगायला हवं होतं. त्यांनी मला दुसऱ्या दिवशी दुपारी सांगितलं. मुलाला कळेल म्हणून रात्रभर गप्प बसल्या. सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन लागला, तक्रार घेतली, तक्रारीचा नंबर मिळाला. पण तिथल्या माणसानं पहिलाच प्रश्न विचारला, "पैसे किती वाजता गेले?" पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत गोठवायचे तर तासाभरातच फोन व्हायला हवा होता. आमचे वीस तास झाले होते.

पोलिस ठाण्यात ट्रिपच्या पैशांबद्दल साहेब म्हणाले, "गाडी आली होती? जेवण दिलं? मग हे ग्राहक मंचाचं आहे." खोटा पास आणि खोटा नंबर म्हणजे फसवणूक, न्याय संहितेचं कलम ३१८, असं मी म्हटल्यावर अर्ज लिहून घेतला. शिक्का मारलेली प्रत मागून घ्या, ती आपणहून देत नाहीत. ग्राहक हेल्पलाइन १९१५ वरही नोंद केली. जिल्हा ग्राहक आयोगात एवढ्या रकमेला फीसुद्धा लागत नाही, पण तक्रार करायची कुणाविरुद्ध? पावतीवरच्या ताराबाई पार्कातल्या पत्त्यावर गेले, तिथं झेरॉक्सचं दुकान. दुकानदार म्हणाला, "तुम्ही तिसऱ्या."

वडापवाल्या पोराचा नंबर मी घेतला होता. त्याचेही भाड्याचे निम्मे पैसे राहिलेत. तो साक्ष द्यायला तयार आहे, पण "सुट्टीच्या दिवशी तारीख घ्या म्हणावं" म्हणतो.

दाजीपूर बघायचं असेल तर वनविभागाच्या नाक्यावर जाऊन तिथंच पावती करा, पावसाळ्यात ते बंद असतं. झिपलाइनवाल्याला पर्यटन संचालनालयाची नोंदणी दाखवा म्हणा. २०२१ पासून राज्याचं तसं धोरण आहे, हे मला सगळं झाल्यावर कळलं. कागद मागितल्यावर तो "ताई, विश्वास नाही का?" म्हणाला, तर तिथंच फोन ठेवा.

परवा वहिनींनी मोबाइल माझ्यापुढं धरला. नवं नाव, तोच धबधबा, 'उन्हाळी सुट्टी स्पेशल'. खाली 'आमचे समाधानी ग्राहक'. तेरा बायका, सगळ्यांचे अंगठे वर. पुढं काकू, हातात पिशवी, तिच्यातून निळ्या कापडाचा कोपरा बाहेर आलेला. मी खाली लिहिलं, "या फोटोतली मागून दुसरी मी आहे, फोन करा मला." चार मिनिटांत कमेंट गायब झाली आणि मला ब्लॉक केलं. म्हणून इथं लिहितेय.