शांता आपटे ऐकायच्या तर आधी सुई बदला: ऑडिओ-टेक्निका व्हीएम९५एसपी

निकाल आधीच सांगून टाकतो. घरात ७८ गतीच्या (मिनिटाला ७८ फेऱ्या) लाखेच्या रेकॉर्ड्स असतील आणि त्या नुसत्या भिंतीवर न टांगता ऐकायच्या असतील, तर ऑडिओ-टेक्निकाचं व्हीएम९५एसपी हे कार्ट्रिज (टर्नटेबलच्या आर्मच्या टोकाचा, सुई धरणारा आणि तिच्या थरथरीची वीज करणारा भाग) घ्यावं. संग्रहात सगळ्या एलपीच असतील तर या सुईला हातही लावू नये, कारण ती एलपीची वाट लावते. बाकीचा लेख आहे तो मधल्या लोकांसाठी: आजोबांच्या पेटीत दहा-वीस ७८ सापडल्या, त्यात प्रभात फिल्म कंपनीच्या बोलपटांची गाणी निघाली, टर्नटेबल आहे, पण लावल्यावर कढईत काहीतरी तळतंय असं वाटतं.

परीक्षेला प्रभातच्या गायिका-नटी शांता आपटे यांच्या १९३०च्या दशकातल्या रेकॉर्ड्स घेणं सोयीचं आहे, आणि ते केवळ भक्तीपोटी नाही. बोलपटाच्या सुरुवातीच्या वर्षांत नटीने गायलाच हवं, तेही बहुधा कॅमेऱ्यासमोर, अशी रीत होती. दुधनीसारख्या सोलापूर जिल्ह्यातल्या गावातून आलेल्या शांताबाई १९३२च्या ‘श्यामसुंदर’मध्ये भालजी पेंढारकरांकडे राधा झाल्या. मग प्रभातमध्ये ‘अमृतमंथन’ (१९३४), ‘अमरज्योती’ (१९३६), ‘कुंकू’ (१९३७) आणि ‘गोपालकृष्ण’ (१९३८). यातल्या ‘अमृतमंथन’ आणि ‘कुंकू’चं संगीत केशवराव भोळ्यांचं, तर ‘अमरज्योती’ आणि ‘गोपालकृष्ण’चं मास्टर कृष्णरावांचं. सुईच्या दृष्टीने ही मोठी सोय आहे. भोळ्यांची चाल शब्दाला धरून चालते, छोटी मुरकी घेऊन मोकळी होते. मास्तरांची चाल नाट्यगीताच्या वळणाने तानेकडे जाते. पहिल्या प्रकारात शब्दाचा शेवट ऐकू येतो का ते कळतं, दुसऱ्यात जोराच्या जागी आवाज फाटतो का ते. दोन्ही जमलं तर सुई पास.

आता एलपीच्या सुईने हे का जमत नाही ते पाहू. एलपीच्या साध्या शंकू सुईचं टोक साधारण ०.०१८ मिलिमीटर त्रिज्येचं असतं. ७८चा चर, म्हणजे सुई जिच्यातून फिरते ती खाच, त्याच्या कितीतरी पट रुंद. एवढंसं टोक त्या चरात भिंतींना न टेकता थेट तळाला जाऊन बसतं, आणि तळात असतो ऐंशी वर्षांचा गाळ आणि पोलादी सुयांनी खरवडून काढलेली भुकटी. गाणं मात्र भिंतींवर कोरलेलं असतं. मग खरखर ठळक, गाणं पातळ, आणि सुई तळात इकडून तिकडे घसरत असल्यामुळे स्वर लडबडतो. ‘जुन्या रेकॉर्ड्सचा आवाज असाच असतो’ ही समजूत बऱ्याच घरांत याच कारणाने पक्की झाली आहे. व्हीएम९५एसपीचं टोक शंकूच आहे, पण ०.०७६ मिलिमीटरचं, म्हणजे ३ मिल (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग). ते भिंतींच्या मधोमध टेकतं, तळाला शिवत नाही. एवढ्या एका बदलाने खरखर जितकी उतरते तितकी कुठल्याही सॉफ्टवेअरने गाण्याला इजा न करता उतरत नाही.

बसवणं सोपं आहे. व्हीएम९५ मालिकेतल्या सगळ्या सुया कार्ट्रिजच्या एकाच अंगात बसतात, त्यामुळे टर्नटेबलवर आधीपासून व्हीएम९५ई किंवा तिचं भावंड असेल तर फक्त ७८ची सुई, व्हीएमएन९५एसपी, घेतली तरी चालतं. सुईचा प्लॅस्टिकचा भाग दोन्ही बाजूंनी चिमटीत धरून खाली आणि तिरका ओढला की सुटतो. नवी बसवताना मागची कड आधी अडकवायची, मग पुढचा भाग वर दाबायचा, टक् असा आवाज येईपर्यंत. हे हेडशेल, म्हणजे कार्ट्रिज ज्यावर बसतं तो आर्मच्या टोकाचा तुकडा, आर्ममधून काढून, टेबलावर ठेवून करावं. तरीही आमचा कौल हेडशेलसकट मिळणाऱ्या ‘एच’ प्रकाराला. एक हेडशेल एलपीचं, एक ७८चं, दोन्हींवर रंगीत टिकली. सुई बदलायचा कंटाळा आला म्हणून त्याच सुईवर एलपी लावण्याचा मोह होतो, तो याने टळतो.

खरी अडचण वजनाची आहे. कंपनीने या सुईसाठी ५ ग्रॅम भार सांगितला आहे, ४.५ ते ५.५ चालतो. एलपीच्या सुया दोन ग्रॅमच्या आसपास असतात, म्हणून बऱ्याच आर्मच्या काउंटरवेटवरचे (आर्मच्या मागच्या टोकाच्या फिरत्या वजनावरचे) आकडे तीन-चारच्या पुढे जातच नाहीत. लोक मग ३ ग्रॅमवर भागवतात आणि तान आली की सुई उडते किंवा आवाज फरफरतो. डायलवर विसंबू नका. डिजिटल वजनकाटा घ्या, आर्म हवेत समतोल करा, मग वजन पुढे फिरवत काट्यावर ५.० आणा. वजन पुढे सरकून आर्मच्या खांबाला टेकलं आणि तरी काटा ४ दाखवत असेल, तर हेडशेलवर एखाद ग्रॅमची जादा पट्टी लावावी लागते. ५ ग्रॅम ऐकून दचकायचं कारण नाही. चावीच्या ग्रामोफोनचा साउंडबॉक्स याच रेकॉर्डवर शंभर ग्रॅमहून जास्त भार टाकत असे, आणि पोलादी सुई एका बाजूला एक या हिशेबाने फेकून द्यायची असे.

टर्नटेबलला ७८ची गती आहे का हे विकत घेण्याआधी पाहा. आजच्या बऱ्याच यंत्रांना ती नसते. नसेल तर रेकॉर्ड ४५वर वाजवून, संगणकात घेऊन गती १.७३३ पट करता येते, पण तेव्हा प्रीअ‍ॅम्पची (कार्ट्रिजचा क्षीण आवाज वाढवणाऱ्या यंत्राची) खालच्या-वरच्या स्वरांचा तोल साधणारी दुरुस्ती चुकीच्या स्वरांवर लागू होते आणि ती वेगळी सोडवावी लागते. गती असेल तर ती बरोबर आहे का हे रेघा छापलेल्या स्ट्रोब चकतीने तपासा. भारतातल्या ५० हर्ट्झच्या विजेवर ७७ रेघांची चकती दिव्याखाली स्थिर दिसली की गती ७७.९२. एवढं पुरेसं आहे.

गतीवर इतका जोर का, तर ६ टक्के गती वाढली की सूर बरोबर अर्धा स्वर वर चढतो. काळी चारचं गाणं पांढरी सहात ऐकू येतं. ‘कुंकू’तली नीरा साकारताना शांताबाई वीस-एकवीस वर्षांच्या होत्या. म्हाताऱ्या विधुराशी लग्न लावून दिलेली, पण त्या लग्नाला मान न देणारी ती मुलगी आहे, आणि आवाजात तो ठामपणा आहे. अर्धा स्वर वर चढवा, ती शाळकरी पोर वाटायला लागते. मुरक्याही उगाच घाईच्या होतात. रेकॉर्डवर पेटी वाजत असेल तर घरच्या पेटीशी ताडून पाहायला हरकत नाही, मात्र त्या काळच्या पेट्या आजच्या मापाला लावलेल्या असतीलच असं नाही. दोन पट्ट्यांच्या मधोमध सूर लागला तर गडबड गतीची की पेटीची, याचा निवाडा स्ट्रोबनेच करा.

पुढचा खोडा प्रीअ‍ॅम्पमध्ये आहे आणि त्याचा दोष लोक सुईला देतात. आजचे फोनो प्रीअ‍ॅम्प आरआयएए (अमेरिकेतल्या रेकॉर्ड कंपन्यांच्या संघटनेचं ठरलेलं माप) दुरुस्ती लावतात, ती सर्रास झाली १९५०च्या दशकात. १९३०च्या दशकातल्या रेकॉर्ड्स त्या हिशेबाने कोरलेल्याच नाहीत. तेव्हा उच्च स्वर वाढवून कोरण्याची पद्धत रूढ नव्हती, आणि आरआयएए ते वाढवलेले आहेत असं समजून खाली दाबते. परिणाम: तबला ढोलासारखा घुमतो, आणि ‘स’, ‘श’, ‘च’ पडद्याआडून आल्यासारखे येतात. ही दुरुस्ती न लावणारा सरळ प्रीअ‍ॅम्प मिळाला तर उत्तम. नसेल तर ऑडॅसिटी या ध्वनी-संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये घेऊन १०० हर्ट्झजवळ ४ ते ५ डेसिबल कमी करा, २ किलोहर्ट्झला ३च्या आसपास आणि ५ किलोहर्ट्झला ८ डेसिबल वाढवा, आणि ६ किलोहर्ट्झच्या वर हळूहळू कापा. तिथे गाणं फारसं उरलेलं नसतं, फक्त खरखर असते. हे आकडे सुरुवातीला धरायचे, मग कानाने हलवायचे. सगळ्या कंपन्यांचं एकच माप नव्हतं.

हे कार्ट्रिज स्टिरिओ आहे आणि रेकॉर्ड मोनो. कित्येकांना हा दोष वाटतो, पण इथेच त्याचा सगळ्यात जास्त उपयोग होतो. दोन्ही चॅनल वेगवेगळे रेकॉर्ड करा. मग तीन तऱ्हा ऐका: फक्त डावा, फक्त उजवा, दोन्हींची बेरीज. ७८चं गाणं आडव्या हालचालीत आहे, त्यामुळे बेरजेत उभ्या हालचालीतली खरखर आपोआप कटते, आणि चांगल्या रेकॉर्डला तीच पुरते. पण चावीच्या ग्रामोफोनवर वर्षानुवर्षं वाजलेल्या रेकॉर्डची एक भिंत दुसरीपेक्षा जास्त झिजलेली असू शकते. तेव्हा एकाच बाजूचा आवाज स्वच्छ निघतो आणि तानेतली फाटकी किनार नाहीशी होते. हे पाहिल्याशिवाय रेकॉर्ड बाद करू नका.

धुण्याबद्दल एकच ताकीद: स्पिरिट नाही. सुताराचं पॉलिश ज्याने होतं त्या स्पिरिटमध्ये लाख विरघळते, आणि एलपी साफ करायच्या बऱ्याच द्रावणांत अल्कोहोल असतं. डिस्टिल्ड वॉटर, त्यात सौम्य साबणाचे दोन-तीन थेंब, मऊ ब्रश चराच्या दिशेने, लेबल कोरडं, लगेच पुसून उभी वाळवायची. न धुता वाजवलं तर नव्या सुईवर गाळाचा गोळा जमतो आणि गाणं मध्येच पुसट होतं. तसं झालं तर सुई बिघडली नाही, तिला मागून पुढे ब्रश मारा.

विकत घेताना रेकॉर्ड तिरप्या उजेडात धरा. काळी चमक म्हणजे बरी. चरांत राखाडी छटा दिसली, विशेषतः आतल्या भागात, की पोलादी सुईने काम केलेलं आहे. कडेचा टवका चालतो, चरापर्यंत गेलेला नाही. केसाएवढी तडा असेल तर दर फेरीला एक ठोका, म्हणजे सेकंदाला १.३, हा हिशेब ठेवा. असे ठोके संगणकात काढता येतात. तडा बोटाला लागत असेल तर ही सुई तिच्यावरून नेऊ नका. लेबलवर भाषाही पाहा. प्रभात एकच बोलपट मराठी आणि हिंदी असा दुहेरी करत असे, ‘कुंकू’चा हिंदी अवतार ‘दुनिया न माने’, आणि चाल ओळखीची म्हणून घेतलेली रेकॉर्ड घरी आल्यावर हिंदी निघते. हिंदी ‘अमृतमंथन’मधली ‘कमसिनी में’ ही गझल मिळाली तर भाषेचा हट्ट सोडा. शब्दाच्या शेवटी आवाज किती अलगद सुटतो ते या सुईवर ऐकण्यासारखं आहे.

आता उणिवा. टोक एकाच मापाचं येतं. झिजलेल्या चरात ३ मिलच्या किंचित वर किंवा खाली टेकणारी सुई न झिजलेल्या भिंतीवर बसते आणि आवाज पालटतो. म्हणून गंभीरपणे रेकॉर्ड्स उतरवणारे २.५ ते ३.५ मिलच्या वेगवेगळ्या सुया बाळगतात. ती चैन इथे नाही. दुसरं, लाखेच्या रेकॉर्डमध्ये दगडाची भुकटी मुद्दाम घातलेली असे, पोलादी सुईला घासून चराच्या आकाराचं करण्यासाठी. ती हिऱ्यालाही घासते, तेव्हा एलपीच्या सुईइतकं आयुष्य मागू नका. तिसरं, शंकू टोक रेकॉर्डच्या शेवटच्या, लेबलजवळच्या चरांत कमी पडतं. दहा इंची रेकॉर्डची एक बाजू तीन मिनिटांच्या जरा वर, आणि गवय्ये लोक तान राखून ठेवायचे शेवटाला. म्हणजे नेमकी जिथे मजा तिथे ही सुई थोडी दमते. मास्टर कृष्णरावांच्या चालींत हे जास्त जाणवतं, भोळ्यांच्या चालींत जवळपास नाहीच.

सुईकडून एक अपेक्षा मात्र ठेवू नका. शांताबाईंचं नाव झालं ते गाताना हात, मान, डोळे सगळं मोकळं सोडण्यामुळेही. रंगभूमीवरून आलेल्या, उभ्या जागी गाणाऱ्या नायिकेची सवय असलेल्या प्रेक्षकांना ते नवं होतं. ‘कुंकू’त शांतारामबापूंनी पार्श्वसंगीत ठेवलंच नाही, त्यामुळे लाँगफेलोची इंग्रजी कविता गाणारी नीरा त्या घरात जशी अंगावर येते तशी नुसत्या आवाजातून येणार नाही. शिवाय त्या काळी पडद्यावरचं गाणं आणि रेकॉर्डवरचं गाणं हे अनेकदा वेगवेगळं ध्वनिमुद्रण असे. तीन मिनिटांत बसवायला अंतरा गळे, वाद्यमेळ बदले. ‘चित्रपटात असं नाहीये’ म्हणून गती किंवा सुईवर संशय घेण्याआधी हे लक्षात घ्या.

प्रभातनंतरच्या काळातल्या रेकॉर्ड्स शोधणाऱ्यांनी घाई करू नये. १९३९मध्ये प्रभातच्याच स्टुडिओच्या दारात उपोषण, १९४०मध्ये ‘जाऊ मी सिनेमात?’ हे पुस्तक, १९४१मध्ये तमिळ ‘सावित्री’, पुढच्या वर्षी गुलाम हैदरांच्या संगीतातला ‘जमीनदार’, असा त्यांचा रस्ता प्रांताप्रांतांतून गेला. पार्श्वगायन रुळलं तशी गाणाऱ्या नटीची गरज कमी होत गेली, आणि १९६४मध्ये त्या गेल्या तेव्हा तो धंदा पार बदललेला होता. ऐकायला सुरुवात करायची तर १९३४ ते १९३८ याच पट्ट्यात करा. पाच-सहा रेकॉर्ड्स असतील तर सुटी सुई पुरे. पन्नासच्या वर गेल्या की हेडशेलचा संच, वजनकाटा आणि सरळ प्रीअ‍ॅम्प, याच क्रमाने खर्च करावा.