चार रिमोटचं काम एकावर, फक्त चालू करायचं बटण जरा आगाऊ आहे

टीव्ही, सेट टॉप बॉक्स, साउंडबार, जुना डीव्हीडी प्लेअर, चौघांचे चार रिमोट आणि हवा तो नेमका सोफ्याच्या फटीत, म्हणून हा युनिव्हर्सल रिमोट घेतला. दोन महिने झाले.

टीव्ही पटकन झाला. सेटअपचं बटण लाल दिवा दोनदा लुकलुकेपर्यंत दाबून धरायचं, मग टीव्हीचं बटण, मग पुस्तिकेतला चार आकडी कोड. पहिल्याच कोडला टीव्ही बंद झाला, मी खूश, आणि आवाज काही हलेना! एकेका कंपनीचे भरपूर कोड असतात, त्यामुळे पॉवर चालली म्हणजे झालं असं नाही, आवाज, सोर्स, मेन्यू सगळं दाबून बघा. मला तिसरा लागू पडला.

साउंडबार यादीतच नाही. ऑटो सर्चमध्ये रिमोट एकामागून एक कोड सोडत जातो आणि बार बंद झाला की त्याच क्षणी थांबवायचं, माझा अंगठा दोनदा उशिरा पोचला की परत पहिल्यापासून. शेवटी लर्निंग वापरलं, दोन्ही रिमोट टेबलावर तोंडाला तोंड लावून ठेवले, जुन्याचं बटण दाबलं की नवा शिकतो. लर्निंग नसेल तर घेऊच नका. जुन्या रिमोटमध्ये जीव आहे का बघायचं तर मोबाइलच्या सेल्फी कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबा, बहुतेक फोनमध्ये जांभळट ठिपका दिसतो.

आता खरी कटकट. एका बटणात सगळं चालू होतं म्हणे, होतंही, पण माझ्या टीव्हीला चालू आणि बंद दोन्हीला सिग्नल एकच. आईने आधीच टीव्ही लावलेला असला आणि मी ते बटण दाबलं की बाकी सगळं चालू आणि टीव्ही बंद, वर आई माझ्याकडे बघणार. काही टीव्हींना फक्त चालू करायचा वेगळा कोड असतो, पण तो मूळ रिमोटवर बटणच नसल्याने शिकवायचा कसा? मग मी टीव्हीच्या सेटिंगमध्ये एचडीएमआय सीईसी (एचडीएमआय केबलने जोडलेली उपकरणं एकमेकांना चालू-बंद करू शकतात ती सोय) चालू केलं, आता टीव्ही लावला की साउंडबार आपोआप उठतो आणि ते जादूचं बटण मी वापरतच नाही.

हा रिमोट इन्फ्रारेडवर, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रकाशावर चालतो, त्यामुळे ब्लूटूथवाल्या स्ट्रीमिंग स्टिकला तो दिसतही नाही, तिचा रिमोट वेगळाच ठेवावा लागतो. सेल बदलताना कोड पुसले गेले नाहीत हे बरं, तरी मी ते सेलच्या झाकणाच्या आत चिकटपट्टीवर लिहून ठेवलेत.

पाचपैकी साडेतीन.