ठाण्यातल्या पेट हॉस्पिटलचा इमेजिंग विभाग: एक्स-रे चोख, रिपोर्टात कंजुषी

घोडबंदर रोडच्या पट्ट्यातल्या या स्पेशालिटी हॉस्पिटलात डिजिटल एक्स-रे, सोनोग्राफी, इको (हृदयाची सोनोग्राफी) आणि सीटी एकाच मजल्यावर आहेत. एमआरआय नाही. बुकिंग करण्याआधी हे लक्षात घ्या, कारण सगळे पेशंट इथे आणण्यात अर्थ नाही.

सगळ्यात भरवशाचं काम एक्स-रेचं. छातीच्या तीन फिल्म काढतात: उजव्या कुशीवर, डाव्या कुशीवर आणि उताणं. कित्येक क्लिनिकांत एकीवरच भागवतात. कुत्रं ज्या कुशीवर झोपतं त्या बाजूचं फुप्फुस दबतं, त्यातली हवा कमी होते आणि तिथली गाठ लपते. म्हणून मादीचं स्तनाच्या गाठीचं ऑपरेशन ठरलं असेल, तर ती गाठ फुप्फुसात पसरली नाही ना हे बघायला दोन्ही कुशींचा आग्रह धराच. शॉटही श्वास पूर्ण आत घेतल्यावरच मारतात. श्वास सोडताना मारला तर हृदय उगाच मोठं दिसतं, फुप्फुस पांढरट दिसतं आणि एखादा लठ्ठ पग नाहक हृदयाच्या गोळ्या खात बसतो.

पोटाच्या फिल्मलाही डावी कूस चुकवत नाहीत. त्या कुशीवर झोपवलं की जठरातला वायू वर, म्हणजे आतड्याच्या तोंडाकडे सरकतो आणि तिथे अडकलेली वस्तू काळ्या पार्श्वभूमीवर उठून दिसते. पावसाळ्यात उपवन तलावावर फेकलेली, दाणे खाल्लेली कणसं गिळणाऱ्या लॅब्रॅडॉरांसाठी ही फिल्म फार कामाची. दाण्यांच्या रिकाम्या खोबणींत हवा अडकते आणि ओळीने बारीक काळे ठिपके दिसतात.

खटकतं ते मालकालाच कुत्रं धरायला लावणं. शिशाचा एप्रन देतात, पण किरणांच्या झोतात गेलेल्या हाताला एप्रनचा काय उपयोग? फोमचा आधार, वाळूच्या पिशव्या आणि हलकं सिडेशन (गुंगीचं औषध) मागून घ्या. खुब्याच्या सांध्याच्या फिल्मला तर सिडेशन हवंच. ओटीपोटाचं हाड जरा तिरकं झालं तरी धड सांधाही खराब दिसतो. दोन्ही मांड्या समांतर आणि गुडघ्याच्या वाट्या मधोमध नसतील, तर फिल्म परत काढायला सांगा.

सोनोग्राफी चांगली होते, मात्र तयारी आपली. ८ ते १२ तास उपाशी, पाणी चालेल. डायबेटिसचा पेशंट किंवा लहान पिल्लू असेल तर उपासाचं आधी डॉक्टरांना विचारा. मूत्राशय भरलेलं लागतं, आणि नेमकं गेटबाहेरच्या खांबाशी कुत्रं सगळं रिकामं करतं, तेव्हा गाडीतून उचलूनच आत न्या. पोटावरचे केस बरगड्यांपासून खालपर्यंत भादरतात. पर्शियन मांजरीचे मालक इथे हमखास वाद घालतात, पण केसांत अडकलेल्या हवेतून काहीच दिसत नाही. इको साधारणपणे बिनभुलीचा होतो, तोही नीट करतात.

सीटीचं स्कॅनिंग काही मिनिटांचं, पण भूल देणं आणि शुद्धीवर आणणं धरून अर्धा दिवस जातो. आधी क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) तपासतात, हे बरं, कारण कॉन्ट्रास्ट, म्हणजे चित्र ठळक यावं म्हणून शिरेतून दिलेलं औषध, किडनीतून बाहेर पडतं. नाकातली गाठ, कानाचा जुना आजार, फुप्फुसातल्या एक्स-रेत न दिसणाऱ्या बारीक गाठी यांसाठी पैसे वसूल. डॅशहुंडच्या मणक्यातली कडक झालेली चकतीही सीटीत सापडते. मज्जारज्जूची सूज किंवा मेंदूचा आजार बघायचा असेल तर मात्र थेट एमआरआय असलेलं ठिकाण गाठा. मागचे पाय अचानक लुळे पडले असतील आणि चिमटा काढला तरी कुत्रं मान वळवत नसेल, तर इथल्या अपॉइंटमेंटची वाट बघू नका, तिथे तासांचा हिशेब असतो.

रिपोर्टाच्या बाबतीत हात आखडता. ‘लिव्हर मोठं’ एवढंच लिहून देतात; किती, पोत कसा, गाठ असेल तर माप काय, ते विचारल्याशिवाय येत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला फोटो सेकंड ओपिनियनला कुचकामी, त्यावर डॉक्टरांना ब्राइटनेस बदलता येत नाही की माप घेता येत नाही. बिल भरण्याआधीच डायकॉम फाइल, म्हणजे स्कॅनची मूळ डिजिटल फाइल, पेनड्राइव्हवर मागा. नंतर मागितली की ‘सिस्टमवाला आला की देतो’ हे उत्तर ठरलेलं.