व्हिएन्नातला जॉन विल्यम्स

पडदा काढून घेतल्यावर चित्रपटसंगीत स्वतःच्या बळावर उभे राहते का, हा वाद ज्यांना अजून घालायचा आहे, त्यांनी डॉइच ग्रामोफोन या जर्मन कंपनीची ‘जॉन विल्यम्स इन व्हिएन्ना’ (२०२०) ही ध्वनिमुद्रिका एकदा सलग ऐकावी. जानेवारी २०२० मध्ये, वयाच्या ८७व्या वर्षी, हॉलिवूडचे चित्रपटसंगीतकार जॉन विल्यम्स यांनी व्हिएन्ना फिलहार्मोनिक या वाद्यवृंदाचे पहिल्यांदाच संचालन केले. त्या मैफिलींचे हे मुद्रण आहे.

वादकाच्या घरात १९३२ साली न्यूयॉर्कमध्ये जन्मलेले विल्यम्स जुलियार्ड या संगीतविद्यालयात रोझिना लेविन यांच्याकडे पियानो शिकले आणि हॉलिवूडमध्ये दुसऱ्यांच्या रेकॉर्डिंगमध्ये पियानो वाजवत वाजवत संगीतकार झाले. पुढे ५ ऑस्कर मिळाले, तरी मला महत्त्वाची वाटतात ती १९८० ते १९९३ ही बोस्टन पॉप्स या वाद्यवृंदाच्या संचालकपदाची वर्षे, कारण श्रोत्यांसमोर उभे राहून वाद्यवृंद चालवण्याची सवय या मुद्रणात पावलोपावली जाणवते. आपल्याकडे चाल एकाची, अरेंजिंग दुसऱ्याचे आणि वाद्यवृंदासमोर बहुधा एखादा गोव्याचा कलावंत, अशी वाटणी दीर्घकाळ रूढ होती. विल्यम्स मात्र वाद्यरचनेचा आराखडा स्वतः बारकाईने लिहितात आणि संचालनही स्वतःच करतात.

व्हिएन्ना हे स्थळही अर्थपूर्ण आहे. मॅक्स स्टायनर आणि कोर्नगोल्ड या जुन्या पिढीतल्या संगीतकारांनी याच शहराची वाद्यवृंदशैली हॉलिवूडला नेली, आणि विल्यम्स यांच्या हातून ती फिरून आपल्या घरी आली आहे. येथील हॉर्न या पितळी वाद्याची जात वेगळी असते. त्यांचा गडद, किंचित खरखरीत नाद ‘वॉर हॉर्स’मधील ‘डार्टमूर, १९१२’ला फार शोभतो.

सर्वांत रंगली आहे ती ‘ई.टी.’च्या शेवटाची रचना. मूळ मुद्रणाच्या वेळी संगीत आणि दृश्य यांचा मेळ जमेना, तेव्हा दिग्दर्शक स्पीलबर्गने पडद्याकडे न पाहता मैफिलीत वाजवतात तसे वाजवा, असे सांगितले आणि नंतर संगीताला अनुसरून चित्रपटाचे संकलन केले. त्यामुळे ही रचना दृश्याची मिंधी नाहीच, आणि व्हिएन्नाच्या तंतुवाद्यांनी तिला श्वास घ्यायला हवी तेवढी सवड दिली आहे. ‘जॉज’मधून शार्कची सुप्रसिद्ध धून न निवडता पिंजऱ्याच्या प्रसंगाचा फ्यूग घेतला आहे, हेही उत्तमच: एक स्वरवाक्य दुसऱ्या वाद्याचा पाठलाग करते आणि सारे काही शास्त्रशुद्ध असूनही मौज टिकते. ॲन-सोफी मुटर यांचे व्हायोलिन ‘डेव्हिल्स डान्स’मध्ये चमकते, पण मला ते थोडे जास्तच दिमाखदार वाटले.

तक्रार एकच. साध्या आवृत्तीत १९७५पूर्वीचे काहीही नाही, त्यामुळे जॅझ वाजवणारा तरुण विल्यम्स येथे भेटत नाही. मोबाइलच्या स्पीकरवर ही तबकडी ऐकणे मात्र व्यर्थ आहे. ‘स्टार वॉर्स’मालिकेतल्या ‘इम्पीरियल मार्च’मधील पितळी वाद्ये चांगल्या स्पीकरवरच कळतात. तो मार्च कार्यक्रमात घ्यावा, अशी विनंती फिलहार्मोनिकच्या पितळी वाद्ये वाजवणाऱ्यांनीच केली होती, आणि ते तो ज्या हौसेने वाजवतात ती लपत नाही.