मराठी सिनेमा इंग्लंडमध्ये दाखवायचाय: बोर्डाकडे जावं, कौन्सिलकडे, की दारावर '१८ वर्षांपुढील' लिहावं?

आमच्या मंडळाच्या पहिल्या चित्रपट महोत्सवातली गोष्ट. शनिवारची दुपार, भाड्याने घेतलेलं छोटं थिएटर, आणि दाराशी एक आजोबा, नातवाचा हात धरून उभे. नातू दहा वर्षांचा. आत लघुपटांचा संच लागणार होता आणि त्यातल्या एकात त्या मुलाच्या साताऱ्याच्या मावसभावाने काम केलं होतं. थिएटरच्या मॅनेजरने अदबीने, पण ठामपणे सांगितलं की या लघुपटांना वयाचं रेटिंग नाही, तेव्हा अठराखालच्या कुणालाही आत सोडता येणार नाही. आजोबा म्हणाले, "अहो, मी पाहिलाय तो. त्यात वावगं काही नाही." मॅनेजरचं काहीच चुकत नव्हतं. लायसन्स थिएटरचं, आणि त्याच्या अटी मोडल्या तर जबाबदारीही त्यांचीच. आम्हीच वेळेत अर्ज केला नव्हता. आजोबा नातवाला घेऊन बसस्टॉपकडे चालत गेले, ते अजून डोळ्यांपुढून जात नाही.

तुमचं मंडळ किंवा तुमचा चार मित्रांचा गट असा महोत्सव करायच्या विचारात असेल, तर तुमच्यापुढे मुख्यतः चार वाटा आहेत. ब्रिटिश फिल्म बोर्डाचं रेटिंग घ्यायचं, स्थानिक कौन्सिलचं घ्यायचं, फक्त प्रौढांसाठी दाखवायचं, किंवा खाजगी खेळ करायचा. मी जे सांगतोय ते इंग्लंड आणि वेल्सचं. स्कॉटलंडमध्ये १९८५चा सिनेमाज ॲक्ट चालतो, उत्तर आयर्लंडचा कायदाही वेगळा. तिथल्या मंडळींनी आपल्या कौन्सिलला विचारूनच पुढे जावं.

आधी एक गैरसमज काढून टाकू, कारण कमिटीच्या बैठकीत तो हमखास येतो: "पण याला भारतात यू सर्टिफिकेट मिळालंय ना?" मिळालं असेल, पण इथे त्याला कायद्याने काही वजन नाही. इथला कायदा दोघांनाच ओळखतो, एक बीबीएफसी म्हणजे ब्रिटिश बोर्ड ऑफ फिल्म क्लासिफिकेशन, आणि दुसरी स्थानिक कौन्सिल. शिवाय भारतातल्या आणि इथल्या रेटिंगचा अर्थही एक नाही. २०२३च्या दुरुस्तीनंतर भारतात यूएचे ७+, १३+ आणि १६+ असे भाग झाले, पण ते पालकांना दिलेलं मार्गदर्शन आहे. आई-बाबा बरोबर असले की मुलाला आत नेता येतं. इथे '१२ए'पर्यंतच ही मुभा. बारा वर्षांखालचं मूल मोठ्या माणसाबरोबर '१२ए' पाहू शकतं. '१५' म्हणजे मात्र पंधराच. आई बरोबर असो, आजी असो, चौदा वर्षांच्या मुलाला परत जावं लागतं. आपल्या लोकांना हे दारात सांगणं फार जड जातं, म्हणून ते तिकीट विकतानाच सांगा.

कौन्सिलचा यात संबंध कसा आला, हे समजलं की पुढचं सोपं होतं. १९०९चा सिनेमॅटोग्राफ ॲक्ट झाला तो आगीच्या भीतीने. तेव्हाची नायट्रेटची फिल्म भडकन पेट घ्यायची, म्हणून सिनेमा दाखवायच्या जागेला स्थानिक प्रशासनाचं लायसन्स लागू लागलं. लायसन्स हातात आल्यावर पडद्यावर काय दिसावं यावरही कौन्सिलं अटी घालू लागली. प्रत्येक गावाचा वेगळा नियम धंद्याला परवडणारा नव्हता, म्हणून १९१२ मध्ये चित्रपट व्यवसायानेच बोर्ड उभं केलं. बोर्ड शिफारस करतं, शेवटचा शब्द कौन्सिलचा. आज हे २००३च्या लायसन्सिंग ॲक्टमध्ये आहे. सिनेमाचं लायसन्स असलेल्या प्रत्येक जागेवर अट असते की मुलांना प्रवेश बोर्डाच्या, किंवा कौन्सिलने तसं ठरवलं असेल तर कौन्सिलच्या, शिफारशीप्रमाणेच द्यायचा. कौन्सिलं हा अधिकार वापरतातही. १९७९ मध्ये 'लाइफ ऑफ ब्रायन' बोर्डाने पास करूनही कित्येक कौन्सिलांनी आपल्या हद्दीत लावू दिला नाही.

आता पहिल्या दोन वाटा एकमेकींशेजारी ठेवू, कारण खरा निर्णय तिथेच आहे.

बोर्डाचं रेटिंग एकदा घेतलं की ते देशभर चालतं. लेस्टरला दाखवा, स्लाऊला दाखवा, मँचेस्टरला दाखवा, नव्याने अर्ज नको. फी मात्र चित्रपटाच्या लांबीवर, मिनिटाच्या हिशेबाने. सव्वादोन तासांच्या चित्रपटासाठी आणि शंभर खुर्च्यांच्या एका खेळासाठी ते गणित कधी जुळत नाही. वितरक चित्रपट इथल्या थिएटरांत लावणार असेल तर तो रेटिंग घेतोच. म्हणून आधी बोर्डाच्या वेबसाइटवर चित्रपटाचं नाव टाकून पाहा. इथे थिएटरात लागून गेलेल्या मराठी चित्रपटांना रेटिंग असतं, आणि तसं असेल तर तुमचं अर्धं काम तिथेच झालं. आम्ही एका चित्रपटासाठी अर्ज भरायला घेतला, आणि दोन संध्याकाळी गेल्यावर कळलं की त्याला आधीच 'पीजी' (म्हणजे पालकांच्या मार्गदर्शनाने मुलांनाही चालेल असं रेटिंग) आहे.

कौन्सिलचं रेटिंग तिच्या हद्दीपुरतं. हे वाचायला साधं वाटतं, पण लंडनमध्ये ३२ बरो, म्हणजे आपापली कौन्सिल असलेले भाग, आहेत आणि सिटी ऑफ लंडन वेगळी. शनिवारचा खेळ ब्रेंटमधल्या हॉलमध्ये आणि रविवारचा शेजारच्या हॅरोमध्ये असेल, तर अर्ज दोन, अधिकारी दोन, आणि एकाच लघुपटाला इकडे '१२ए' तर तिकडे '१५' असंही होऊ शकतं. महोत्सव एकाच कौन्सिलच्या हद्दीत ठेवा, हा माझा पहिला सल्ला. पैशांचं म्हणाल तर प्रत्येक कौन्सिलची रीत वेगळी. कुठे फी नाही, कुठे चित्रपटामागे, कुठे मिनिटांवर. लायसन्सिंग विभागाला एक ईमेल केला की कळतं. वेळ मात्र लागतो. चार आठवडे आधी अर्ज मागणं सर्रास चालतं, आणि आपले दिग्दर्शक शेवटची प्रत आदल्या आठवड्यात पाठवतात. अडचण सगळी तिथेच होते.

अर्जात काय लागतं? चित्रपटाची लिंक, इंग्रजी सबटायटल्स (अधिकाऱ्याला मराठी येत नसतं), थोडक्यात कथानक, तुम्हाला कोणतं रेटिंग योग्य वाटतं ते, आणि त्याची कारणं. ही कारणं लिहिणं म्हणजे सिनेमा वेगळ्याच नजरेने पाहणं. मी आणि मंडळाच्या चिटणीस ताई स्वयंपाकघरातल्या टेबलावर लॅपटॉप ठेवून, वही-पेन घेऊन बसलो होतो. लघुपट बावीस मिनिटांचा, विदर्भातल्या कापूसवाल्या शेतकऱ्याचा. पहिल्या फेरीत वहीत फक्त दोन शिव्या आणि एक बिडी आली. दुसऱ्या फेरीत ताईंनी मध्येच थांबवलं. गोठ्याच्या आढ्याला बांधलेला दोर, कॅमेरा त्या गाठीवर सहा सेकंद. आम्हाला त्यात दुःख दिसलं होतं. बोर्डाच्या कसोट्यांमध्ये, ज्या कौन्सिलंही समोर ठेवतात, मुलं अनुकरण करू शकतील अशा धोकादायक कृतीला वेगळं स्थान आहे, आणि आत्महत्येची रीत दाखवणं त्यातच येतं. आम्ही मिनिट-सेकंदासह ते लिहिलं. आम्ही '१२ए' सुचवलं होतं, कौन्सिलने '१५' दिलं. वाईट वाटलं, पण कारण पटलं. अधिकाऱ्याने तो लघुपट मनापासून पाहिला होता, हे उत्तराच्या दोन ओळींतून कळत होतं.

म्हणून म्हणतो, कौन्सिलला अडथळा समजू नका. रेटिंग नसलेला, एका-दोन खेळांपुरता आणलेला चित्रपट असेल तर हीच वाट धरावी असं माझं स्पष्ट मत आहे. चित्रपट तीन-चार शहरांत फिरवायचा असेल, तर निर्मात्याशी बोलून बोर्डाचा खर्च वाटून घ्या.

तिसरी वाट सगळ्यांत सोपी, आणि मला सगळ्यांत कमी आवडणारी. सगळ्या खेळांवर '१८ वर्षांपुढील' लिहायचं. लायसन्सची अट मुलांच्या प्रवेशाबद्दल आहे, आणि कायद्यात मूल म्हणजे १८ वर्षांखालचं. तेव्हा मुलंच नसतील तर लायसन्स असलेल्या थिएटरात रेटिंगविना चित्रपट दाखवता येण्याची शक्यता बरीच असते. मोठे महोत्सवही काही खेळांना असं करतात. तरी त्या जागेचं लायसन्स वाचून घ्या. काही कौन्सिलं रेटिंग नसलेल्या प्रत्येक चित्रपटासाठी आधी कळवायची अट घालतात. पण परदेशात आपण मराठी महोत्सव भरवतो तो कुणासाठी? शनिवारी मराठी शाळेत 'क ख ग' गिरवणाऱ्या मुलाने पडद्यावर आपल्या आजीची बोली ऐकावी, यासाठीच ना? सगळा कार्यक्रम प्रौढांपुरता केला तर ज्यांच्यासाठी एवढा घाट घातला तीच मुलं घरी राहतात, आणि त्यांना सांभाळायला आईही.

चौथी वाट खाजगी खेळाची. जनतेला खुला नसलेला आणि नफ्यासाठी नसलेला खेळ लायसन्सच्या कक्षेत सहसा येत नाही. इथे पाय घसरतो तो दोन ठिकाणी. एक, दारात पाच पौंड घेऊन 'सभासद' केलेला माणूस सभासद ठरत नाही, ती जनताच. दोन, खाजगी कार्यक्रमात पैसे घेऊन नफा काढला, अगदी समाजकार्याला देण्यासाठी काढला, तरी तो नफ्याचाच कार्यक्रम धरला जातो. गावातल्या शाळेला मदत म्हणून तिकीट लावणाऱ्या आपल्या मंडळांनी हे लक्षात ठेवावं. लायसन्स हवं असताना ते न घेता खेळ केला, तर सहा महिन्यांपर्यंत कैद, मर्यादा नसलेला दंड किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. नोंदलेले सभासद असलेली जुनी फिल्म सोसायटी असेल तर ही वाट चांगली. नव्या मंडळाने हिच्या नादी लागू नये.

जागा थिएटर नसून कम्युनिटी हॉल असेल, तर एक चांगली सवलत आहे आणि पुष्कळांना ती माहीत नाही. ६ एप्रिल २०१५पासून गावच्या, चर्चच्या किंवा कम्युनिटी हॉलमध्ये सिनेमासाठी लायसन्स लागत नाही. प्रेक्षक ५००पर्यंत, वेळ सकाळी ८ ते रात्री ११, नफ्याचा हेतू नको, आणि हॉलच्या व्यवस्थापनाची लेखी संमती आधी हातात. पण या सवलतीत चित्रपटाला बोर्डाची किंवा कौन्सिलची वयाची शिफारस असावीच लागते. म्हणजे 'फक्त प्रौढांसाठी' लिहून इथे सुटका होत नाही, उलट कौन्सिलचं रेटिंग इथे जास्तच गरजेचं. नफा काढायचा असेल किंवा रात्री अकरापुढे जायचं असेल, तर टेम्पररी इव्हेंट नोटीस, म्हणजे तात्पुरत्या कार्यक्रमाची सूचना, कौन्सिलला द्यावी लागते. फी २१ पौंड, कार्यकर्ते धरून एका वेळी ४९९ माणसं, आणि कामाचे किमान दहा दिवस आधी. ते दहा दिवस मोजताना नोटीस पोचल्याचा आणि कार्यक्रमाचा दिवस धरायचा नसतो. बँक हॉलिडे आला तर गणित चुकतं.

आणि एक गोष्ट खास आपल्या सिनेमांसाठी. १९३७चा एक कायदा आहे, सिनेमॅटोग्राफ फिल्म्स (ॲनिमल्स) ॲक्ट. चित्रीकरणासाठी जनावराला मुद्दाम क्रूरपणे वागवलं असेल, तर तो प्रसंग इथे लोकांना दाखवता येत नाही, वयाचा शिक्का कुठलाही असो. आपल्याकडे बैलगाडा शर्यत असते, कोंबड्यांची झुंज असते, जत्रेतला बोकड असतो. असा प्रसंग असेल तर निर्मात्याकडून तो कसा चित्रित केला याचं पत्र घ्या, आणि भारतीय पशु कल्याण मंडळाचं प्रमाणपत्र असेल तर त्याची प्रतही. अर्जासोबतच जोडा, विचारण्याची वाट पाहू नका.

दाखवण्याचे हक्क हा विषय या सगळ्यापलीकडचा. कौन्सिलचं '१२ए' म्हणजे निर्मात्याची परवानगी नव्हे, ती वेगळी आणि लेखी घ्यावी लागते.

दुसऱ्या वर्षी आम्ही कार्यक्रम असा लावला: दुपारी 'यू' आणि 'पीजी'चे लघुपट, चहानंतर '१२ए'चा चित्रपट, आणि तो शेतकऱ्याचा लघुपट संध्याकाळच्या '१५'च्या संचात. पत्रिकेवर प्रत्येक नावापुढे रेटिंग ठळक छापलं, आणि तिकिटाच्या ईमेलमध्ये मुलांच्या वयाची ओळ सगळ्यात वर घेतली. साताऱ्याच्या मुलाचा लघुपट 'पीजी' ठरला होता. ईमेलची पहिली प्रत मी त्या आजोबांना पाठवली.