‘टोळक्यांपासून मुलांचं रक्षण’ करणारं अ‍ॅप: वर्षभर वापरून पाहिलं, पाचपैकी दोन तारे

वर्षाची वर्गणी संपत आली आहे आणि ‘नूतनीकरण करा, मुलाला असुरक्षित सोडू नका’ असे मेल यायला लागलेत. पैसे भरण्याआधी हिशेब मांडायची सवय आहे (कामच ते, मी लेखापाल), म्हणून हे परीक्षण.

अ‍ॅपचं नाव लिहीत नाही. घेण्याआधी याच जातीची आणखी काही अ‍ॅप्स चाळली होती. वरचा रंग सोडला तर आतली यंत्रणा एकच. एक अ‍ॅप मुलाच्या फोनवर, एक आपल्या फोनवर, आणि दोघांच्या मध्ये कंपनी. तेव्हा एकाला झोडपून दुसऱ्याकडे गिऱ्हाईक पाठवण्यात अर्थ नाही.

घेतलं कशासाठी, तर मुलगा आठवीत गेला आणि पालकांच्या ग्रुपवरचा सूर बदलला. आधी गृहपाठ आणि सहलीची वर्गणी यावर चर्चा चालायची. मग कुणीतरी लिहिलं की शाळा सुटताना गेटसमोर बाईक लावून बसणारी पोरं शाळेची नाहीत. वर्गातल्या एका साध्या भांडणाचं ‘मॅटर’ झालं आणि ते मिटवायला बाहेरचे ‘दादा’ आले. नववीतल्या मुलाच्या स्टेटसला कोयत्याचा फोटो. त्यातलं खरं किती आणि फॉरवर्ड किती हे कळायला मार्ग नव्हता. अशा वेळी फोनवर जाहिरात येते: अंधारी गल्ली, हुडी घातलेली पोरं, आणि आईच्या फोनवर वेळेत वाजणारी लाल सूचना. जाहिरात करणाऱ्यांना आपली नस बरोबर ठाऊक असते.

आधी चांगलं सांगते. लोकेशन बऱ्यापैकी चालतं. अँड्रॉइड पार्श्वभूमीतल्या अ‍ॅपला तासातून मोजक्याच वेळा ठिकाण देतं, त्यामुळे नकाशावरचा ठिपका थेट प्रक्षेपणासारखा सरकत नाही. बॅटरी सेव्हर लागला की तोही झोपतो. पण क्लास सुटून मुलगा निघाला की नाही एवढं कळायला ते पुरे. फोन करकरून ‘कुठे आहेस, कुठे आहेस’ विचारणं थांबलं, याचं श्रेय अ‍ॅपला देते.

खरी गोम आहे ‘सुरक्षित क्षेत्रा’त. शाळेभोवती नकाशावर एक वर्तुळ काढायचं. मुलगा आत शिरला की ‘पोहोचला’, बाहेर पडला की ‘निघाला’. मी वर्तुळ लहान करत गेले तर ते एका मर्यादेखाली जाईना. सपोर्टला विचारलं, तर दोन ओळींचं छापील उत्तर आलं. मग स्वतःच शोधलं. अँड्रॉइडसाठी अ‍ॅप बनवणाऱ्यांना गूगलचीच सूचना आहे की असं वर्तुळ किमान 100 ते 150 मीटर त्रिज्येचं ठेवा, नाहीतर वाय-फाय आणि टॉवरवरून काढलेलं ठिकाण चुकतं. तांत्रिकदृष्ट्या बरोबरच आहे. पण आमच्या शाळेच्या नकाशावर ती त्रिज्या घेतली, तर वर्तुळात काय काय येतं बघा: गेट, गेटसमोरचा रस्ता, बसथांबा, आणि थांब्यामागची बंद पडलेली शेड. पालकांना ज्याची भीती वाटते ते सगळं त्या शेडपाशी चालतं. म्हणजे मुलगा वर्गात बाकावर असो की शेडपाशी कुणाच्या बाईकवर, माझ्या फोनवर हिरवी टिकटिक आणि ‘तुमचं मूल शाळेत सुरक्षित आहे’. ‘शाळेच्या परिसरात’ एवढंच लिहिलं असतं तरी चाललं असतं. ‘सुरक्षित’ हा शब्द त्यांनी पदरचा घातलाय, आणि वर्गणी आपण त्याच शब्दाची भरतो.

शेडपाशी काय चालतं ते मला कळलं वॉचमन काकांकडून. पालकसभेनंतर सहज उभी होते, तर म्हणाले, “ताई, तो काळ्या बाईकवाला शाळेचा नाही. मधल्या सुट्टीत येतो, पोरांना एक-एक चक्कर मारायला देतो. पैसे घेत नाही. फुकट कशाला देतो, ते तुम्हीच बघा.” अख्ख्या वर्षात अ‍ॅपने दिलेल्या सगळ्या सूचना एका पारड्यात ठेवल्या तरी काकांचं हे एक वाक्य जड भरेल.

कारण जाळ्यात ओढण्याची रीत जवळपास सगळीकडे हीच. सुरुवात धमकीने होत नाही, उपकाराने होते. चक्कर, बूट, जुना फोन, ‘तुला कोणी काही बोललं तर मला सांग’. मग एक निरोप पोहोचव, एक पिशवी दोन दिवस ठेव. इंग्लंडमध्ये मोठ्या शहरांतल्या टोळ्या शाळकरी पोरांकरवी लहान गावांत अमली पदार्थ पोहोचवतात. ‘काउंटी लाइन्स’ म्हणतात त्या धंद्याला. तिथली एक ठरलेली चाल अशी की पोराकडचा माल टोळीच आपल्या माणसांकरवी लुटवते, आणि मग ‘नुकसान तू भरून दे’ म्हणत त्याला कर्जात अडकवते. ते पोर घरी सांगणार तरी काय? यातली एकही पायरी नकाशावरच्या ठिपक्यात दिसत नाही. त्यात असल्या कामासाठी मुलाला वेगळा साधा फोन दिला जातो आणि आपलं अ‍ॅप इमानेइतबारे घरच्या फोनवर पहारा देत बसतं.

आता मेसेजवरच्या नजरेबद्दल. जाहिरातीतला हाच मोठा मुद्दा, आणि इथेच सगळ्यात जास्त निराशा. व्हॉट्सअ‍ॅपचे मेसेज दोन्ही टोकांना कुलूपबंद असतात, वाटेत कुणाला वाचता येत नाहीत. त्यामुळे ही अ‍ॅप्स काय करतात, तर मुलाच्या फोनवर येणाऱ्या नोटिफिकेशन वाचतात, किंवा अपंगांच्या सोयीसाठी असलेली अ‍ॅक्सेसिबिलिटीची परवानगी घेऊन पडद्यावरचा मजकूर उचलतात. आयफोनवर तर दुसऱ्या कंपनीच्या अ‍ॅपला हेही जमत नाही. तिथे बॅकअपमधून वाचणं वगैरे उलटे उद्योग. जाहिरातीत हे बारीक अक्षरातही नव्हतं. अटींच्या पानावर मात्र होतं. अटी मी वाचते, बाकी कुणी वाचत असेल असं वाटत नाही.

बरं, वाचून तरी काय पकडतं? मुलगा मित्रांबरोबर गेम खेळताना इंग्रजीत ‘सगळ्यांना मारून टाकू’ छापाचं काही लिहितो, लगेच लाल सूचना: ‘हिंसेची शक्यता’. ऑफिसमध्ये बसून हृदय तोंडात. उघडून बघावं तर गेमच्या तिसऱ्या लेव्हलची चर्चा. आणि मी मुद्दाम माझ्या दुसऱ्या नंबरवरून रोमन लिपीत मराठी पाठवून पाहिलं: ‘संध्याकाळी ये, त्याचा कार्यक्रम करायचाय’, ‘भाईंनी बोलावलंय, सामान घेऊन ये’. अ‍ॅप शांत. त्याला वाटलं असेल सत्यनारायण आहे. व्हॉइस नोट, गेममधलं बोलणं, पाहिला की नाहीसा होणारा फोटो, यांतलं तर काहीच हाती लागत नाही. आणि आजकालची पोरं टाइप कमी करतात, बोलूनच पाठवतात.

मुलाला न सांगता बसवता येतं का, असं आमच्या ग्रुपवर दोघा-तिघांनी विचारलं होतं. प्ले स्टोअरवरच्या अशा अ‍ॅपला लपून बसता येत नाही. 2020 पासून गूगलचा नियम आहे की नजर ठेवणाऱ्या अ‍ॅपने फोनवर सतत दिसणारी सूचना आणि चिन्ह ठेवलंच पाहिजे. जी ‘गुप्तपणे चालतं’ म्हणून विकली जातात ती बाहेरून उतरवून घ्यावी लागतात आणि बसवताना फोनचं संरक्षणच बंद करायला सांगतात. त्या वाटेला जाऊ नका. मुलाचे फोटो, ठिकाण, मेसेज कुणाच्या सर्व्हरवर जाऊन पडतात याचा पत्ता राहत नाही. नावाजलेल्यांचीही ग्वाही नाही: 2021 च्या डिसेंबरमध्ये द मार्कअप या अमेरिकेतल्या वृत्तसंस्थेने उघड केलं की लाइफ 360 हे जगभर वापरलं जाणारं कौटुंबिक लोकेशन अ‍ॅप वापरणाऱ्यांच्या ठिकाणांची माहिती, असल्या माहितीचा व्यापार करणाऱ्या दलालांना विकत होतं. मुलाला टोळीपासून वाचवायला निघालो आणि त्याची रोजची वाट बाजारात मांडून बसलो, अशातली गत.

मी मुलाला समोर बसवून सांगूनच लावलं. त्याची प्रतिक्रिया: “आई, अर्ध्या वर्गाकडे हे आहे. फोन अजयच्या दप्तरात टाकला की झालं.” (अजय हे नाव बदललेलं आहे, उगाच कुणी शोधत बसू नका.) म्हणजे चोरवाट कळायला त्यांना अर्धा दिवसही लागला नसावा.

जाहिरातीतल्या भीतीबद्दलही बोलायला हवं, कारण शाळाही आता तोच मार्ग धरू पाहतेय. सभेत एका पालकांनी सुचवलं, ‘पोरांना एकदा तुरुंग दाखवून आणा, सरळ होतील.’ टाळ्या पडल्या. हा प्रयोग अमेरिकेत 1970 च्या दशकात झालेला आहे. न्यू जर्सीच्या राहवे तुरुंगात जन्मठेपेचे कैदी पोरांवर ओरडून त्यांना घाबरवायचे, आणि ते फार गाजलं. पुढे अशा कार्यक्रमांच्या चाचण्या एकत्र मांडून पाहिल्या, तेव्हा तुरुंग पाहून आलेली मुलं न गेलेल्यांपेक्षा जास्त गुन्ह्यांत सापडलेली निघाली. सभेत हे सांगितलं तेव्हा टाळ्या पडल्या नाहीत, ते असो.

मग उपयोग कशाचा होतो? तिथलाच ग्रेट नावाचा शालेय कार्यक्रम बघण्यासारखा आहे. 1991 मध्ये ॲरिझोनातल्या फीनिक्समध्ये सुरू झाला, पोलीस वर्गात येऊन शिकवतात. पहिल्या मोठ्या तपासणीत टोळीत जाण्यावर त्याचा काहीच परिणाम दिसला नाही. त्यांनी अभ्यासक्रम मोडून नव्याने बांधला: 13 धडे, व्याख्यान कमी आणि सराव जास्त. नाही कसं म्हणायचं, राग आला की काय करायचं, मित्र ओढत असताना पाय मागे कसा घ्यायचा. नव्या रूपाच्या तपासणीत एक वर्षानंतर त्या मुलांची टोळीत जाण्याची शक्यता 39 टक्क्यांनी कमी दिसली, चार वर्षांनी 24 टक्क्यांनी. चमत्कार नाही, आकडा उतरतोही आहे. पण माझ्या अ‍ॅपच्या पानावर ‘लाखो पालकांचा विश्वास’ याखेरीज एकही आकडा नाही. किती मुलं वाचली, कशावरून, कुणी मोजलं? ताळेबंदात अशी नोंद आली असती तर मी सही केली नसती.

आणखी एक गोष्ट कुठल्याच जाहिरातीत सांगत नाहीत. टोळीत शिरण्याचं वय साधारण 11 ते 15, आणि अभ्यास सांगतात की शिरलेल्यांपैकी बहुतेक एक-दोन वर्षांत बाहेरही पडतात. म्हणजे ‘एकदा गेला की गेला’ हे खरं नाही, परतीची वाट असते. पण जाहिरातीला ‘गेला की गेला’ हवं असतं, त्यावरच वर्गणी उभी आहे.

अ‍ॅपमधली एक गोष्ट मात्र अनपेक्षितपणे कामाची निघाली: कुठलं अ‍ॅप किती वाजता उघडलं याचा आठवड्याचा तक्ता. परीक्षेनंतर दोन आठवडे रात्री एक-दीडला फोन चालू दिसला. मी मेसेज उघडले नाहीत, सरळ विचारलं, “झोप लागत नाही का रे?” बऱ्याच वेळाने बोलला. त्याच काळ्या बाईकवाल्याने याच्या मित्राला एक पाकीट ‘उद्यापर्यंत ठेव’ म्हणून दिलं होतं, आणि मित्र रात्रभर याला मेसेज करत बसायचा. दुसऱ्या दिवशी मित्राचे आईवडील, मी आणि ह्यांनी मिळून मुख्याध्यापकांना गाठलं. वॉचमन काकांनाही सोबत घेतलं, कारण तोंडओळख त्यांचीच. मधल्या सुट्टीत आता गेट बंद असतं आणि शेडपाशी एक शिक्षक उभे राहतात. बाईकवाला दिसत नाही. दुसऱ्या शाळेपाशी गेला असेल तर माहीत नाही. पण याच्याशी मिळतेजुळते, कुठलं अ‍ॅप किती वेळ वापरलं याचे तक्ते फोनमध्येच फुकट मिळतात. अँड्रॉइडला गूगलचं फॅमिली लिंक आहे, आयफोनला स्क्रीन टाइम. त्यासाठी वर्षाची वर्गणी मोजायची गरज नाही.

तारे असे: लोकेशनला साडेतीन, मेसेजच्या सूचनांना अर्धा, सपोर्टला एक, जाहिरातीला शून्य. सरासरी काढली तर दोन भरत नाहीत, पण त्या रात्रीच्या तक्त्याला म्हणून वर ढकलते. नूतनीकरण करत नाही.

ज्यांना माझ्यासारखंच बंद करायचंय त्यांच्यासाठी: नुसतं अ‍ॅप काढून टाकलं तर वर्गणी थांबत नाही, प्ले स्टोअरच्या सबस्क्रिप्शनमध्ये जाऊन ती वेगळी रद्द करावी लागते, आणि तेही नूतनीकरणाच्या तारखेआधी. मुलाच्या फोनवरून ते सरळ निघतही नाही; आधी सेटिंग्जमध्ये जाऊन डिव्हाइस अ‍ॅडमिनची परवानगी काढा, मग अनइन्स्टॉल करा. आणि कंपनीला मेल करून जमवलेला डेटा पुसायला सांगा. माझ्या मेलला अजून उत्तर आलेलं नाही.